नेत्रोपचारांचे दावे आणि त्यांची कागदपत्रे

मोतीबिंदू शस्त्रक्रियेवाचून, केवळ डोळ्यांत थेंब घालून विरघळविता येतो, अशा आशयाचा मजकूर गेली काही वर्षे भ्रमणध्वनींवरून सर्वत्र फिरत आहे. त्याच्या सोबतीला मूलपेशींच्या एका टोचणीने आंधळ्यास दिसू लागल्याच्या कथा असतात, चष्मा कायमचा सुटल्याची चलच्चित्रे असतात, आणि कांद्याचा रस व मध यांच्या मिश्रणाची कृतीही असते. ऊर्जानगर येथे प्रस्तुत लेखकाच्या शेजारी राहणारे, औष्णिक वीजकेंद्रातून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी असाच एक मजकूर पुढे करून विचारले, "सर, तुम्ही इतिहासाची माणसं. हे खरं की खोटं, तुम्हीच सांगा."

प्रश्न वैद्यकाचा होता, आणि त्याचे उत्तर नेत्रतज्ज्ञाने द्यावे हेच उचित. तथापि त्याची एक बाजू इतिहासाभ्यासकाच्याही कक्षेत येते. एखादे विधान कोणी केले, घटनेनंतर किती काळाने केले, त्या विधानाच्या वेळी काय घडावयाचे शिल्लक होते, आणि जे पुढे घडले ते नोंदविण्यास कोणी उपस्थित होते काय, हे प्रश्न आपण बखरींना व दप्तरांना नित्य विचारीत असतो. तेच नेत्रोपचारांच्या दाव्यांना विचारून पाहावयाचे आहेत.

वैद्यकीय दाव्यांच्या इतिहासात नेत्ररोगांचे स्थान काहीसे वेगळे आहे. ज्वर औषधाने उतरला की आपोआप, याबद्दल वाद घालता येतो. परंतु काल ज्याला काही दिसत नव्हते तो मनुष्य आज समोरची बोटे मोजू लागला, म्हणजे वाद घालण्यास कोणी उरत नाही. रुग्ण स्वतःच साक्षीदार असतो आणि त्याची साक्ष तत्काळ मिळते. उलटपक्षी उपचारातून होणारी हानी, मग तो आतील दाह असो, वाढलेला दाब असो वा सुटलेले दृष्टिपटल असो, बहुधा काही दिवसांनी, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्रकट होते. यशाची नोंद पहिल्या दिवशी होऊन जाते. अपयशाची नोंद व्हावयाची तर नंतर कोणी तरी तेथे असावे लागते. ह्या दोन नोंदींमध्ये जे अंतर पडते त्यातच खोट्या दाव्याचा निवास असतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

प्रारंभ सुश्रुतसंहितेपासून करणे प्राप्त आहे, कारण फिरणाऱ्या मजकुरांतही तिचे नाव हटकून येते. उत्तरतंत्राच्या सतराव्या अध्यायात कफज लिंगनाशावरील शस्त्रकर्म वर्णिले आहे. यवाच्या टोकासारखे टोक असलेली शलाका, डाव्या डोळ्यासाठी उजवा हात व उजव्यासाठी डावा, वेध कोठे करावा याचे स्थान, स्त्रीस्तन्याने सिंचन, हा भाग सर्वत्र उद्धृत केला जातो. ते कर्म म्हणजे गढूळ झालेले भिंग मागे ढकलणे होते, की दुसरे काही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यापुढील भाग, जो सहसा कोणी सांगत नाही. शस्त्रकर्म झाल्यावर तुपात भिजविलेल्या वस्त्राने डोळा बांधावा, रोग्याने उताणे पडून राहावे, शिंकणे, खोकणे, ढेकर देणे, थुंकणे वर्ज्य करावे, ठराविक दिवसांनी डोळा सोडून धुवावा, असे पुढील दिवसांचे वेळापत्रक ग्रंथकाराने घालून दिले आहे. त्याहून विशेष म्हणजे वेध चुकल्यास कोणकोणते उपद्रव होतात आणि शलाकेतील कोणत्या दोषाने काय बिघडते, याची यादीच त्याने दिली आहे. ज्या ग्रंथाच्या नावावर आज केवळ चमत्कार खपविला जातो, त्यात अपयशाची नोंदवही आहे. हा शास्त्रपरंपरेचा भाग होता. तो पुढे गळून कसा पडला, हा प्रश्न आपणांस विचारावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात मोतीबिंदू पाडणारे फिरते लोक हिंदुस्थानच्या बहुतेक प्रांतांत होते. त्यांचे कौशल्य पिढीजात असे. टोकदार हत्याराने डोळ्याच्या पांढऱ्या भागात छिद्र पाडून गढूळ भिंग खाली, मागील काचरसात, ढकलावयाचे. बाहुलीच्या वाटेतील पडदा दूर होताच प्रकाश आत शिरतो आणि रोग्यास आकार दिसू लागतात. बिनभिंगाच्या डोळ्यास स्पष्ट दिसावयास जाड भिंगाचा चष्मा लागतो हे खरे, परंतु ज्याला दिवस आणि रात्र एवढाच भेद उरला होता त्याला नातवाच्या तोंडाचा आकार दिसणे हीच दृष्टी होती. गावासमक्ष बोटे मोजून दाखविली जात, दक्षिणा घेतली जात आणि तो मनुष्य पुढील गावी जाई. हत्यार निर्जंतुक केलेले नसे. आत पडलेले भिंग पुढे दाह उत्पन्न करी किंवा डोळ्याचा दाब वाढवी. पुष्कळ डोळे अशा रीतीने दुखत दुखत कायमचे गेले. मात्र ते जाईपर्यंत पाडणारा दूर गेलेला असे, आणि गावाच्या आठवणीत राही तो बोटे मोजल्याचा प्रसंग. त्या आठवणीच्या बळावर पुढच्या वर्षी त्याचे पुन्हा स्वागत होई.

येथे लबाडीचा आरोप सरसकट करणे अन्याय्य होईल. त्यांतील कित्येकांचा स्वतःच्या विद्येवर पूर्ण विश्वास असला पाहिजे, कारण त्यांनीही पहिलाच दिवस पाहिलेला होता. जो मागे वळून पाहत नाही त्याला स्वतःचे अपयश कळण्याचा मार्गच नसतो. सुश्रुताचा शिष्य दहा दिवस रोग्यापाशी राहणार होता. फिरता कारागीर राहत नव्हता. हत्यार तेच असेल, हातही तितकाच सराईत असेल, पण मधले दहा दिवस निघून गेले की विद्येचे रूपांतर दाव्यात होते.

युरोपातही भिंग ढकलण्याची रीत शतकानुशतके चालू होती. १७४७ साली फ्रेंच शस्त्रवैद्य जाक दाव्हिएल याने गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली, आणि तिने जुन्या रीतीस हळूहळू मागे सारले. त्या स्थित्यंतराचा हिंदुस्थानातील एक टप्पा मराठी वाचकास जवळचा वाटावा असा आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल ही संस्था चालविली, आणि तेथील नेत्ररुग्णांची टिपणे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. टिपणे इंग्रजीत आहेत. त्यांत रुग्णाची हकीगत व केलेले उपचार यांबरोबर रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. राजाने स्वहस्ते शस्त्रक्रिया केल्या असे अलीकडे मोठ्या आवेशाने सांगितले जाते. ते सिद्ध करण्याची किंवा खोडून काढण्याची निकड प्रस्तुत लेखकास वाटत नाही. टिपणांचे खरे मोल वेगळे आहे: एकेका रुग्णाचा एकेक कागद तेथे ठेवला गेला. डोळा कसा होता हे चित्रकाराकडून काढवून घेणारा मनुष्य, तो पुढे कसा झाला हे ताडून पाहण्याची सोय करून ठेवीत असतो. फिरत्या मजकुराला राजाच्या हातातील शस्त्र दिसते, कागद दिसत नाही, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

पाडलेल्या मोतीबिंदूंचा पद्धतशीर पाठपुरावा मद्रास येथे झाला. तेथील सरकारी नेत्ररुग्णालयाचे अधीक्षक असलेले रॉबर्ट हेन्री इलियट यांनी आपल्या निरीक्षणांवर १९१७ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये व्याख्याने दिली, आणि त्याच वर्षी हिंदी पद्धतीने मोतीबिंदू पाडण्याच्या क्रियेवर त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाडल्यानंतर बिघडलेले आणि अखेरीस काढावे लागलेले डोळे त्यांनी जमविले, त्यांचे छेद घेतले आणि भिंग कोठे जाऊन पडले, दृष्टिपटलाचे काय झाले, दाह कोठून पसरला, हे एकेका डोळ्यात पाहिले. ज्याची साक्ष आजवर कोणी घेतली नव्हती तो नंतरचा दिवस येथे प्रथमच एवढ्या विस्ताराने कागदावर आला.

परंतु इतिहासाभ्यासकाने इलियटचेही दप्तर जपूनच वाचावयास हवे. त्याच्या रुग्णालयात कोण येत होते? ज्याचा डोळा बिघडला तो येत होता. ज्याला पाडल्यावर बरे दिसत राहिले तो कशाला मद्रासपर्यंत येईल? म्हणजे गावाच्या आठवणीत केवळ यशे साठत होती, तर रुग्णालयाच्या बरण्यांत केवळ अपयशे. दोन्ही संग्रह एकांगी आहेत, आणि एकावरून दुसऱ्याचे खंडन करणे सोपे असले तरी पुरेसे नाही. शिवाय त्या काळच्या रुग्णालयांतील शस्त्रक्रियांनंतरही डोळे जात होते. परक्या सत्तेच्या डॉक्टराला देशी कारागिराचे अपयश जितके ठळक दिसे तितके आपल्या सहकाऱ्याचे दिसेच असे नाही. हे सर्व मान्य करूनही एक भेद उरतो. इलियटचे म्हणणे चूक असेल तर ते त्याच्याच पुस्तकातील डोळ्यांच्या छेदांवरून दाखविता येते. गावातील आठवणीला असा कोणताही छेद घेता येत नाही.

विसाव्या शतकात दावा करणाऱ्यास गावोगाव हिंडण्याची गरज उरली नाही. छापखान्याने व टपालाने ती सोय केली. जुन्या मराठी वृत्तपत्रांचे अंक चाळणाऱ्यास सुरम्यांच्या, अंजनांच्या व अर्कांच्या जाहिराती ठाऊकच असतात. त्यांतील प्रशस्तिपत्रे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. ती बहुधा औषध नुकतेच घेतलेल्या मनुष्याची असतात. त्याच मनुष्याचे वर्षाने आलेले दुसरे पत्र कोणी छापीत नाही.

१९५४ साली संसदेने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा केला, तो ह्या पार्श्वभूमीवर. त्याच्या अनुसूचीतील ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करणे निषिद्ध आहे, त्यांत अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू, खुपरी आणि एकूणच दृष्टीसंस्थेचे विकार अंतर्भूत आहेत. अनुसूचीत डोळ्याने इतकी जागा व्यापावी हे योगायोगाने झालेले दिसत नाही. कायद्यातील जाहिरातीची व्याख्याही पाहण्याजोगी आहे. सूचना, परिपत्रक, वेष्टन, चिठ्ठी यांखेरीज तोंडी केलेली घोषणा, तसेच प्रकाश, ध्वनी अथवा धूर उत्पन्न करणाऱ्या किंवा पोहोचविणाऱ्या कोणत्याही साधनाने केलेली घोषणा तीत येते. धुराने आकाशात अक्षरे लिहिणाऱ्या विमानांचा विचार तेव्हा मसुदाकारांच्या मनात असावा. प्रकाश व ध्वनी पोहोचविणारे यंत्र पुढे प्रत्येकाच्या खिशात येईल हे त्यांच्या स्वप्नीही नसेल, परंतु शब्द मात्र त्यालाही पुरून उरले आहेत.

हा कायदा भाषणस्वातंत्र्याच्या आड येतो, असा आक्षेप हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात घेतला गेला. १८ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निषिद्ध औषधांची व्यापारी जाहिरात ही विचारप्रकटनाच्या स्वातंत्र्याचा भाग नव्हे. अनुसूचीबाहेरचे रोग नियमांनी वाढविण्याची मोकळीक आणि जप्तीचा अधिकार देणारे कलम एवढे मात्र न्यायालयाने रद्द केले. कायदा टिकला. त्याची अडचण निराळी आहे. जाहिरातीमागे जाहिरातदार असतो असे तो गृहीत धरतो. आता जो मजकूर मावशीकडून भाच्याला, भाच्याकडून सहकाऱ्याला व सहकाऱ्याकडून पुन्हा मावशीला येतो, त्यात विक्रेता पुष्कळदा कोठेच दिसत नाही; दिसतो तो आपुलकीने पाठविणारा माणूस.

आता फिरणाऱ्या मजकुरांतील तीन दाव्यांचे मूळ शोधू. पहिला थेंबांनी मोतीबिंदू विरघळण्याचा. ह्याला अगदीच आधार नाही असे नाही, आणि म्हणूनच तो अधिक विचार करण्यासारखा आहे. जुलै २०१५ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्यासंबंधी एक शोधनिबंध आला. भिंगातील प्रथिनांच्या गाठी ह्या द्रव्याने सुटतात आणि प्राण्यांच्या भिंगाचे गढूळपण कमी होते, असे त्यात मांडले होते. कुत्र्यांवरील प्रयोगात थेंबांबरोबर डोळ्याच्या आत टोचणीही दिली होती. बातमीत टोचणी गळाली, कुत्रेही गळाले. 'थेंबांनी मोतीबिंदू बरा' एवढेच उरले. त्याच वर्षाच्या अखेरीस बंगळुरूच्या एका नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी, शस्त्रक्रियेत काढलेली मानवी मोतीबिंदूंची केंद्रके लॅनोस्टेरॉलच्या द्रावणात सहा दिवस ठेवून पाहिली आणि त्यांत फरक पडला नाही असे 'इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'त कळविले. २०१९ मध्ये परदेशातूनही तसाच नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हे दोन्ही निबंध कोणाच्या भ्रमणध्वनीवर आल्याचे ऐकिवात नाही. काही घडले नाही, ही बातमी होत नाही. दरम्यान लॅनोस्टेरॉलच्या बाटल्या मात्र आंतरजालावर विकावयास आल्या होत्या.

दुसरा दावा मूलपेशींचा. येथे एकाच अंकातील दोन निबंध शेजारी ठेवून वाचावेत अशी विद्यार्थ्यांना शिफारस आहे. तो अंक 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चा, १६ मार्च २०१७ चा. एका निबंधात जपानमधील कोबे येथील मासायो ताकाहाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा वार्धक्यजन्य ऱ्हास झालेल्या एका वृद्ध स्त्रीच्या त्वचेतील पेशींपासून नव्या पेशींचा पातळ पापुद्रा तयार करून तो तिच्या डोळ्यात बसविला. एका वर्षानंतर पापुद्रा शाबूत होता. दृष्टी सुधारली नव्हती आणि बिघडलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत आनुवंशिक बदल आढळल्यामुळे ती शस्त्रक्रिया केलीच नाही. इतका जगभर गाजलेला प्रयोग, आणि त्याच्या कर्त्यांचे स्वतःचे विधान एवढेच.

त्याच अंकातील दुसऱ्या निबंधात अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एका चिकित्सालयातून आलेल्या तीन स्त्रियांची हकीगत आहे. वये ७२ ते ८८. त्यांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित मूलपेशी २०१५ मध्ये दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचण्यात आल्या; त्याबद्दल ५,००० डॉलर घेतले होते. काही दिवसांतच दाब वाढला, रक्तस्राव झाला, दृष्टिपटले सुटली. टोचणीपूर्वी काम भागण्याइतके दिसणाऱ्या ह्या तिघींची दृष्टी वर्षभरात अंधत्वाच्या कोटीस गेली. ह्यात अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे ह्या उपचाराची नोंद अमेरिकेच्या सरकारी चाचणी-नोंदवहीत होती, परंतु रुग्णांनी सह्या केलेल्या संमतिपत्रांत चाचणीचा उल्लेखही नव्हता. सरकारी नोंदवहीत नाव असणे म्हणजे सरकारची मान्यता, असा समज नोंदवहीचे स्वरूप न जाणणारा कोणीही करून घेईल. आपल्याकडील चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि तिच्याविषयीही हाच समज आढळतो. नोंद ही प्रयोग चालू असल्याची पावती आहे, यशाची नव्हे; आणि खऱ्या चाचणीत सहभागी होण्याबद्दल रुग्णाकडून मोठी रक्कम मागितली जात नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ह्या बाबतीत शब्दांचीही काळजी घेतली आहे. २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात मूलपेशी 'संशोधन व उपचार' असे दोन शब्द होते. २०१३ मध्ये 'उपचार' हा शब्द काढून टाकला. २०१७ च्या आवृत्तीनुसार रक्ताच्या विकारांसाठी होणारे रक्तजनक पेशींचे रोपण सोडता, मूलपेशींचा वापर मान्य चाचणीबाहेर रूढ उपचार म्हणून करता येत नाही. शीर्षकातून एक शब्द जाणे ही दप्तरी बाब वाटते, परंतु आपल्या विषयाच्या इतिहासात तिचे महत्त्व एखाद्या खटल्याहून कमी नाही.

मूलपेशींबद्दल सर्वच खोटे, असे म्हणणे हीसुद्धा चूक होईल. चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा घोटण्यासाठी लागणारा चुना घरोघर असतो, आणि चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलाच्या डोळ्यात गेल्यास पारपटल जळते. अशा जळलेल्या डोळ्याच्या पृष्ठभागासाठी निरोगी डोळ्याच्या काठावरील लहानसा तुकडा घेऊन त्यातील मूलपेशींनी पृष्ठभाग पुन्हा उभा करण्याचे काम हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून झाले, आणि त्याची एक सुटसुटीत पद्धती तेथूनच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. बल्लारपूरवरून दक्षिणेची गाडी धरणाऱ्या आपल्या भागातील रुग्णास हे दूरचे नाही. परंतु हे यश पारपटलाचे आहे, डोळ्याच्या दर्शनी भागाचे. फिरणारा मजकूर ते उचलतो आणि डोळ्याच्या पाठीमागील दृष्टिपटलाला चिकटवितो. कॅमेऱ्याची काच बदलता आली म्हणून आतील फीतही बदलता येईल असे म्हणण्याचाच हा प्रकार.

तिसरा दावा चष्मा सुटण्याचा, आणि तो महाराष्ट्रातील आहे. मराठीत चाळिशी हा शब्द वयाला आणि चष्म्याला एकच असावा, यावरून ह्या दाव्यास गिऱ्हाईक किती असेल याची कल्पना यावी. मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्स ह्या कंपनीच्या पायलोकार्पिन १.२५ टक्के थेंबांना केंद्रीय औषध नियंत्रकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये चाळिशीवरील उपचार म्हणून परवानगी दिली. औषध काही नवे नव्हते. दक्षिण अमेरिकेतील जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांतून ते १८७५ मध्ये वेगळे काढले गेले आणि लवकरच काचबिंदूवर वापरले जाऊ लागले. चाळिशीसाठी त्याच मात्रेचे थेंब अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झाले होते. त्याने बाहुली बारीक होते, आणि सुईत दोरा ओवताना डोळे किलकिले केल्यावर जसे जवळचे नीट दिसते तसे काही तास दिसते. भिंगाचे वय त्याने कमी होत नाही. सप्टेंबरच्या आरंभी ह्या थेंबांची प्रसिद्धी झाली ती वाचावयाच्या चष्म्यापासून सुटका आणि पंधरा मिनिटांत परिणाम, अशा शब्दांत. १० सप्टेंबर २०२४ रोजी नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली. मान्यता चाळिशीवरील उपचारापुरती होती, जाहीर केलेल्या अधिकच्या दाव्यांना नव्हती, असे कारण दिले गेले. आपण कोणतीही असत्य माहिती दिली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते.

प्रस्तुत लेखकास ह्या प्रकरणात रस आहे तो पंधरा मिनिटे ह्या शब्दांमुळे. ते बहुधा खरेच आहेत. पायलोकार्पिनचा परिणाम लवकरच होतो. गावासमक्ष बोटे मोजणेही खरेच होते. परंतु कोणाला अंधारात गाडी चालविताना त्रास होईल, कोणाच्या दृष्टिपटलास क्वचित धोका संभवतो, परिणाम संध्याकाळपर्यंत टिकेल काय, हे पंधरा मिनिटांत कळत नाही, आणि वृत्तपत्राचा मथळा पंधरा मिनिटांनंतर थांबलेला असतो.

आपल्या जिल्ह्यांपुरते बोलावयाचे तर नंतरचा दिवस हरवण्यास भूगोलही साह्य करतो. स्वातंत्र्योत्तर काळातील नेत्रशिबिरांनी हजारो लोकांना दृष्टी दिली, हे निर्विवाद आहे. पण शिबीर उठले की डॉक्टरही जात. १९७६ मध्ये सुरू झालेला अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम, आणि १९९४ पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत जागतिक बँकेच्या साह्याने चाललेला मोतीबिंदू प्रकल्प, यांनंतर शस्त्रक्रिया तंबूतून रुग्णालयात आली व कृत्रिम भिंग रूढ झाले. तरीही भामरागडच्या माणसाने पावसाळ्यात पुन्हा तपासणीस यावे, हे पर्लकोटेच्या पुरावर अवलंबून असते. १९७३ मध्ये हेमलकसा येथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे राहावयास गेले, किंवा १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग गडचिरोलीत स्थिरावले, त्याचे ऐतिहासिक वैशिष्ट्य प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या राहण्यातच आहे. ज्याने रोग्याला दुसऱ्या वर्षीही भेटावयाचे असते, त्याला पहिल्या दिवशी फार मोठे बोलता येत नाही.

शेजारच्या गृहस्थांचा प्रश्न राहिला. त्यांना मोतीबिंदू नव्हताच. त्यांना काचबिंदू होता. दोन्ही शब्दांत 'बिंदू' आहे, तेव्हा एकावरचा उपाय दुसऱ्यावरही चालेल असे त्यांनी धरले, आणि भाषेने केलेली ही फसवणूक कोणत्याही मजकुराहून जुनी आहे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. प्रश्न विचारण्यापूर्वी पुष्कळ दिवस त्यांनी दवाखान्याचे थेंब बंद करून मजकुरातील मधाचे मिश्रण सुरू केले होते. "मला तर काहीच फरक पडला नाही, वाचायला छान येत होतं," असे ते सांगत. ते खरेच असावे. काचबिंदू आधी कडेची दृष्टी नेतो. मधली, वाचावयाची, शेवटी जाते.

त्यांनी तपासणीचे कार्ड आणून दाखविले. प्रत्येक भेटीत डोळ्याच्या दाबाचे आकडे शाईने लिहिलेले, खाली थेंबांचे नाव, पुढची तारीख. एका ठिकाणी पुढची तारीख लिहिलेली आहे, पण तिच्यासमोर आकडे नाहीत. त्यानंतरची नोंद चौदा महिन्यांनी आहे, वेगळ्या हस्ताक्षरात. तीत दाब वाढलेला आहे, आणि सोबत जोडलेल्या दृष्टिक्षेत्राच्या नकाशावर नाकाकडील बाजूस पूर्वी नसलेला एक काळा पट्टा आहे. चौदा महिन्यांत तो केव्हा उमटला, हे त्या कार्डावरून सांगता येत नाही.